माडीवरचा सर्व्हर आणि माहेरची प्रत: जुन्या थिंकसेंटरवर उभारलेल्या घरच्या क्लाउडचे अकरा महिन्यांनंतरचे परीक्षण

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरी माडीवर, धान्याच्या कोठीशेजारच्या फडताळात, जाडजूड पुस्तकाएवढी एक काळी पेटी गेले अकरा महिने अहोरात्र सुरू आहे. लेनोवो कंपनीचा थिंकसेंटर एम७२०क्यू हा तो संगणक. तो इंटेलच्या आठव्या पिढीतला, म्हणजे २०१८ च्या सुमाराचा असून, कुठल्याशा कार्यालयात काही वर्षे राबून जुन्या बाजारात आलेला आहे. घरातील सगळे फोटो आणि सातबाऱ्यापासून विमा पॉलिसीपर्यंतचे सगळे कागद आता त्याच्यावर आहेत. या लेखात त्या पेटीचे, तिच्यावर चालणाऱ्या इमिच (फोटोंसाठी) आणि पेपरलेस-एनजीएक्स (कागदपत्रांसाठी) या दोन प्रणालींचे, आणि त्या निमित्ताने काय घरी आणले व काय मुद्दाम बाहेरच ठेवले, याचे परीक्षण करीत आहे. पेटी चांगली आहे, इमिच अपेक्षेहून चांगले आहे. पण खासगीपणाच्या नावाखाली सगळेच घरात आणून ठेवण्याचा जो उत्साह घरी सर्व्हर चालवण्याच्या या छंदात दिसतो, तो कृष्णाकाठी परवडणारा नाही, असे माझे मत झाले आहे.

ते मत कसे झाले, ते आधी सांगणे भाग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. २००५ चा पूर पाहिलेल्या आमच्या सासऱ्यांनी उंबऱ्यापर्यंत पाणी येईल असा अंदाज बांधून खालचे सामान कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले होते. पाणी त्या फळीच्याही वर गेले. त्या कपाटात लग्नाचे दोन अल्बम होते आणि एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क होती, जिच्यावर दहा वर्षांचे फोटो एका ठिकाणी नीट लावून ठेवल्याचा मला अभिमान होता. पाणी उतरल्यावर अल्बमची पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता, आणि डिस्क उघडली तेव्हा आतून गाळाचे पाणी आले. जे वाचले ते गुगल फोटोजवर आपोआप चढलेले होते, तेही आकार कमी केलेल्या प्रतीच्या रूपात. माझ्या हातात असलेली प्रत बुडाली आणि परक्या कंपनीच्या संगणकावरची प्रत तरली, ही गोष्ट घरी सर्व्हर बांधताना मी एक दिवसही विसरले नाही.

मग ती कंपनी का सोडली? १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमधील अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि टपाल, ड्राइव्ह व फोटो या तिन्हींना मिळून १५ जीबीची मर्यादा आली, हे एक कारण होते, पण मोठे नव्हते. मोठे कारण असे की, तेथे ठेवलेला प्रत्येक फोटो कंपनीला वाचता येतो आणि ती तो यंत्राकरवी वाचतेही. २०२२ मध्ये अमेरिकेतील एका वडिलांची हकीकत छापून आली होती. आजारी मुलाचा डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढलेला फोटो यंत्रणेने गुन्ह्याच्या सदरात टाकला, पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवले, तरीही त्यांचे खाते परत मिळाले नाही. आमच्याकडे लहान मुले आहेत, आजारी माणसे आहेत, आणि त्यांचे फोटो डॉक्टरांना पाठवण्याची वेळ दर महिन्याला येते. आपले वीस वर्षांचे टपाल आणि फोटो एका अपील-अर्जाच्या भरवशावर असावेत, हे मला पटले नाही.

आता पेटीबद्दल. साधारण १८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड अशा या पेटीत सहा गाभ्यांचा आय५-८५००टी हा प्रोसेसर आहे. नावातील शेवटचे ‘टी’ हे अक्षर महत्त्वाचे. ते असलेले प्रोसेसर ३५ वॉटच्या मर्यादेत चालण्यासाठी बनवलेले असतात. आत एक एम.२ एसएसडी, म्हणजे साठवणीची छोटी पट्टी, आणि एक अडीच इंची डिस्क बसते, आणि मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकते. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक घ्यावा की हा जुना, यावर मी दोन महिने घालवले. पायला वेगळा वीजपुरवठा, वेगळी पेटी, पंखा आणि एसएसडीसाठी जोडकार्ड असे घेत गेले की त्याची किंमत वापरलेल्या थिंकसेंटरच्या जवळ येऊन ठेपते, आणि मोबाइलवरचे एचईव्हीसी या स्वरूपातले व्हिडिओ सर्वत्र चालतील अशा स्वरूपात बदलण्याचे काम इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर कितीतरी हलके होते. भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावून मोजले तेव्हा काम नसताना ही पेटी ११ वॉट घेत होती. त्या हिशोबाने महिन्याला ८ युनिटही होत नाहीत. माडीवरचा पंखा त्याहून जास्त खातो.

जुने यंत्र घेताना दुकानदाराने दिलेल्या हमीपत्रापेक्षा आपण स्वतः केलेली तपासणी उपयोगी पडते. मी पुण्यातील एका दुकानातून १४,५०० रुपयांना घेतलेल्या पेटीबरोबर आलेला अडॅप्टर हा मूळ कंपनीचा नव्हता, केवळ त्याच्यावरचा छाप तसा होता. रोजच्या कामात काही जाणवले नाही, मात्र इमिचने हजारो फोटोंतील चेहरे ओळखण्याचे काम हाती घेतले की अर्ध्या तासात पेटी बंद पडून पुन्हा सुरू होई. आधी मी रॅमला दोष दिला, मग इमिच ज्याच्यात चालते त्या डॉकर प्रणालीला, मग स्वतःला. अडॅप्टर बदलल्यावर प्रकार थांबला. दुकानदाराने ‘चालू स्थितीत दिला होता’ एवढेच सांगितले, आणि नव्या अडॅप्टरचे १,४०० रुपये मीच भरले. एसएसडी मात्र तपासून घेतली होती. तिचे चालू राहण्याचे तास एकवीस हजारांच्या घरात होते, म्हणून तिच्यावर केवळ डेबियन ही कार्यप्रणाली ठेवली आणि फोटोंसाठी २ टीबीची नवी डिस्क बसवली. उन्हाळ्याच्या तोंडावर पंखा घोंघावू लागला तेव्हा प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडूसारखी वाळलेली निघाली. ती पुसून नवी लावली, फडताळाच्या दाराला सुताराकडून जाळी मारून घेतली, आणि एप्रिल-मे निभावला.

विजेचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे, आणि परदेशातील माणसांनी लिहिलेल्या सूचनांमध्ये तो सापडत नाही. घरात इन्व्हर्टर आहे, तेव्हा वीज गेली तरी काळजी नाही, अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात दोनदा वीज गेली आणि दोन्ही वेळा दिवे लागलेले असताना सर्व्हर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू झाला. आमच्या इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक लहान खटका असतो. एका बाजूला तो साध्या पद्धतीने चालतो, दुसऱ्या बाजूला यूपीएस पद्धतीने, आणि साध्या पद्धतीत वीज बदलताना पडणारा क्षणभराचा खंड पंख्याला कळत नसला तरी संगणकाला कळतो. तो खटका बारा वर्षे चुकीच्या बाजूला होता. तो फिरवला, बायॉस या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू हो’ ही निवड केली आणि फायबरचा राउटरही त्याच लाइनवर आणला. राउटर खालच्या खोलीत होता. तो माडीवर नेण्यासाठी वायरमनला दोनदा चहा पाजावा लागला, कारण त्याच्या मते इंटरनेटचा डबा हा दिवाणखान्यातच शोभतो.

मात्र आपोआप सुरू होण्याच्या सोयीने एक जुना पेच उभा केला, ज्यावर मी सर्वांत जास्त विचार केला. पेटी चोरीला गेली तर आतील फोटो कोणाला पाहता येऊ नयेत म्हणून संपूर्ण डिस्क लक्स पद्धतीने कूटबद्ध करावी, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय वाचता येणार नाही अशी करावी, हे खासगीपणाचे पहिले पाऊल. पण तशी डिस्क सुरू होताना परवलीचा शब्द मागते, आणि तो टाकायला कोणी नसेल तर सर्व्हर तेथेच थांबून राहतो. मी चार दिवस गावाला गेलेली असताना नेमकी दीर्घकाळ वीज गेली, तर परत येईपर्यंत सगळे बंद. पेटीतील टीपीएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपकडे किल्ली सोपवून डिस्क आपोआप उघडण्याची सोय करता येते, पण मग चोराने पूर्ण पेटीच उचलली तर ती त्याच्याही घरी आपोआपच उघडणार. शेवटी डेबियन असलेली लहान डिस्क उघडी ठेवली आणि फोटो-कागदपत्रांची मोठी डिस्क कूटबद्ध केली. वीज जाऊन आली की यंत्र व दूरसंपर्क आपोआप सुरू होतात, आणि मी जेथे असेन तेथून मोबाइलवरून आत शिरून मोठी डिस्क उघडते. हे रोजच्या वापरात जरा कटकटीचे आहे, आणि अकरा महिन्यांत सहा वेळा मला ते करावे लागले. एकदा तर कोल्हापुरात लग्नाच्या पंगतीत बसून. तरी ही कटकट मी स्वीकारली, कारण चोर पुरापेक्षा वारंवार येतात.

इमिच ही या सगळ्या खटाटोपाची खरी कमाई आहे. दिसायला ते गुगल फोटोजची इतकी हुबेहूब आठवण करून देते की सासूबाईंना बदल झाल्याचे तीन आठवडे कळले नाही, आणि याहून मोठे प्रशस्तिपत्र मला सुचत नाही. मोबाइलमधील फोटो आपोआप सर्व्हरवर येतात, चेहऱ्यांनुसार गट पडतात, नकाशावर ठिकाणे दिसतात, आणि ही सर्व ओळखपाळख आपल्याच पेटीत होते. चेहऱ्याचा कोणताही नमुना घराबाहेर जात नाही. गुगलकडून आणलेले अडतीस हजार फोटो भरताना त्यांच्या तारखा वेगळ्या जेसन फाइलींमध्ये असल्याचे लक्षात आले. ते थेट टाकले असते तर १९९८ चा फोटोही आजच्या तारखेला लागला असता. इमिच-गो नावाचे एक छोटे साधन त्या फाइली वाचून तारखा जागेवर लावते. ते वापरल्याशिवाय कोणीही हे काम सुरू करू नये.

दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. काही अँड्रॉइड मोबाइलमधील बॅटरी वाचवण्याची व्यवस्था इमिचला पार्श्वभूमीवर काम करू देत नाही. यजमानांच्या मोबाइलवरून पंधरा दिवस एकही फोटो आला नव्हता आणि ते कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अॅपला निर्बंधमुक्त केल्यावर ते सुरळीत झाले. दुसरी उणीव अशी की, इमिचमधील फोटो सर्व्हरवर जसेच्या तसे असतात, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याला ते पाहता येतात. आमच्या घरात ती व्यक्ती मी आहे, आणि नणंदेने ‘वहिनी, माझे फोटो तुम्हाला दिसतात का हो?’ असे विचारले तेव्हा खरे उत्तर द्यावे लागले. तिने स्वतःचे फोटो एन्टे या सेवेवर ठेवले, जेथे ते मोबाइलमध्येच कूटबद्ध होऊन मग बाहेर जातात आणि सेवा चालवणाऱ्यालाही वाचता येत नाहीत. तिचा निर्णय मला योग्य वाटतो. कंपनीपासून खासगीपणा हवा आणि वहिनीपासून नको, असे कोणी ठरवलेले नाही.

मराठीतून शोध हा माझ्या कुतूहलाचा विषय होता. इमिचमध्ये मूळचे जे शोध-मॉडेल येते ते इंग्रजी वर्णनांवर शिकवलेले असल्याने ‘बैलगाडी’ असे लिहिले तर काहीही समोर येते. सेटिंगमध्ये बहुभाषिक मॉडेल निवडता येते; एनएलएलबी या दोनशे भाषांच्या अनुवाद-प्रकल्पावर आधारलेले एक मॉडेल मी लावले आणि सर्व फोटो त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतले, ज्याला दोन रात्री लागल्या. आता ‘पावसात भिजलेली मुले’, ‘घाटावरची पायरी’, ‘लाल साडी’ असे शोध चांगले लागतात. ‘हळद’ लिहिले तेव्हा मात्र आधी पिवळ्या साड्या आल्या, मग नणंदेच्या हळदी समारंभाचे फोटो आले, आणि मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्याचे फोटो, जे मला हवे होते, ते बऱ्याच खाली सापडले. भडंगाला ते पोहे समजते. सांगलीकर म्हणून हा अपमान गिळला आहे.

पेपरलेस-एनजीएक्सबद्दल थोडक्यात. कागद स्कॅन करून ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकला की ते त्यातील मजकूर ओळखते, तारीख लावते आणि पुढे शब्दांवरून शोधू देते. अक्षरओळख टेसरॅक्टकडून होते, आणि त्याला मराठीचा संच जोडता येतो. तो न जोडता काम सुरू केल्याने माझे पहिले दोनशे कागद निरर्थक इंग्रजी अक्षरांनी भरले होते. संगणकीकृत सातबारा, घरपट्टीची पावती, वीजबिल हे आता पाच सेकंदांत सापडते. तलाठ्याच्या हस्ताक्षरातील जुन्या उताऱ्यांपुढे ते हात टेकते, पण त्यांच्यापुढे आम्हीही टेकतो.

घराबाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचणे हा पुढचा भाग. आमची फायबर जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला असतो आणि बाहेरून थेट आपल्या राउटरला हाक मारता येत नाही. राउटरच्या पडद्यावर १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असलेला पत्ता दिसला की हाच प्रकार आहे असे समजावे. क्लाउडफ्लेअर कंपनीचा बोगदा, म्हणजे तिच्या सर्व्हरमार्फत घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याची सोय, हा एक सोपा उपाय सुचवला जातो. तो मी दोन आठवडे वापरून सोडला, कारण एक तर मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठे काही चढवता येत नाही, त्यामुळे लांब व्हिडिओ अडकतात. आणि दुसरे, अधिक गंभीर म्हणजे, त्या मार्गात कूटबद्धता कंपनीच्या सर्व्हरवर उघडली जाऊन पुन्हा लावली जाते. ज्या नजरेपासून फोटो दूर न्यायचे होते, तशीच दुसरी नजर आपण स्वतः दारात उभी करायची, याला अर्थ नाही.

आता टेलस्केल वापरते, म्हणजे आपल्याच उपकरणांना एकमेकांशी जोडणारे खासगी जाळे. ते वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीवर उभे आहे, खासगी किल्ल्या आपल्याच उपकरणांत राहतात, आणि दोन उपकरणांना थेट भेटता आले नाही तर मधल्या थांब्यावरून माहिती जाते, तरी ती बंद लिफाफ्यातच असते. कोणते उपकरण कोणाशी आणि केव्हा जोडले गेले हे मात्र उपकरणांची गाठ घालून देणाऱ्या कंपनीच्या समन्वय सर्व्हरला कळते, आणि खाते उघडताना गुगल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कोणाचे तरी ओळखपत्र दाखवावे लागते, हे मला खटकते. हेडस्केल वापरून समन्वय सर्व्हरही स्वतःचा उभारता येतो. पण त्यासाठी बाहेर एक संगणक भाड्याने घेऊन तो सुरक्षित राखावा लागेल, आणि तो निष्काळजीपणे राखला तर आहे त्याहून वाईट. तूर्त तरी मी ही तडजोड केली आहे.

काय घरी आणले नाही, तेही सांगते. ईमेल आणले नाही. घरगुती जोडणीच्या पत्त्यावरून पाठवलेले टपाल मोठ्या सेवा संशयाने पाहतात, टपाल पाठवण्यासाठी लागणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बहुधा बंद असते, आणि बँकेचा ओटीपी आपल्या चुकीमुळे आला नाही तर दाद मागायची कोणाकडे? स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन ते पैसे देऊन प्रोटॉन या टपाल सेवेला जोडले. उद्या सेवा आवडली नाही तर पत्ता न बदलता दुसरीकडे जाता येते, आणि मला तेवढेच स्वातंत्र्य हवे होते. पासवर्डही घरी ठेवले नाहीत. व्हॉल्टवॉर्डन ही बिटवॉर्डन या पासवर्ड-तिजोरीची पर्यायी आवृत्ती घरच्या सर्व्हरवर सहज चालते आणि या छंदातील बहुतेकांना तिचा मोह होतो, पण बिटवॉर्डनच्या स्वतःच्या सेवेवरही आपली तिजोरी आपल्या मुख्य पासवर्डने बंद होऊनच जाते. कंपनीला ती उघडता येत नाही. मग ज्या घरात पाणी शिरू शकते, त्याच घरात सर्व घरांच्या किल्ल्या कशासाठी ठेवायच्या? व्हॉट्सअॅपच्या बाबतीत तर केवळ एक सेटिंग पुरले. त्याची गुगल ड्राइव्हवरची प्रत आपण सांगितल्याशिवाय पूर्णतः कूटबद्ध होत नाही. २०२१ पासून ती सोय आहे, पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली देऊन ती लावता येते, आणि माझ्या ओळखीतील दहातल्या नऊ जणांनी ती लावलेली नाही.

जाहिराती अडवणारे पाय-होल या पेटीवर महिनाभर चालवून काढून टाकले. त्याचे काम उत्तम होते, पण संकेतस्थळांचे पत्ते शोधून देण्याचे काम त्याच्याकडे असल्याने सर्व्हर बंद पडला की घरातील प्रत्येकाचे इंटरनेट बंद पडे आणि खालून हाक येई. तेच काम आता मोबाइलमधील खासगी डीएनएस सेटिंगवर भागते.

दुसरी प्रत विट्याला, माझ्या माहेरी आहे. घरात पडून असलेल्या रास्पबेरी पाय ४ ला २ टीबीची डिस्क जोडून ती भावाच्या घरी ठेवली. कृष्णेच्या पाण्याचा तेथे प्रश्नच येत नाही. रोज रात्री अडीच वाजता रेस्टिक नावाचे साधन सांगलीच्या पेटीतील बदल कूटबद्ध करून तेथे पाठवते. पहिली प्रत ६४० जीबीची होती. आमच्या जोडणीच्या अपलोडच्या वेगाने तिला सलग दीड दिवस लागला असता, म्हणून ती डिस्क सांगलीतच भरली आणि पिशवीत घालून तासगावमार्गे एसटीने नेली. दोन तासांत ६४० जीबी हा वेग कोणत्याही योजनेत मिळत नाही. विट्याच्या बाजूला मी अशी अट घातली आहे की सांगलीच्या पेटीला तेथे केवळ भर घालता येते, पुसता येत नाही, म्हणजे उद्या माझ्या सर्व्हरमध्ये कोणी शिरले तरी माहेरची प्रत सुरक्षित राहावी. भावाला यातले काही वाचता येत नाही आणि त्याला ती इच्छाही नाही. त्याचा एकच फोन आला होता: ‘ताई, ह्या डबीचा हिरवा दिवा रातभर लुकलुकतोय, वर फडकं टाकलं तर चालंल का?’ चालेल, पण पातळ टाक, असे सांगितले.

जून संपता संपता मी पुराची रंगीत तालीम केली. सांगलीची पेटी बुडाली असे समजून, केवळ विट्याची प्रत आणि एक रिकामा लॅपटॉप घेऊन सगळे उभे करायचे. फोटो सर्व आले. पण इमिचमध्ये एकही अल्बम नव्हता, एकाही चेहऱ्याला नाव नव्हते. इमिच रोज पहाटे आपल्या माहितीकोशाची, म्हणजे अल्बम आणि नावांच्या नोंदींची, प्रत ‘बॅकअप्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि मी जागा वाचवण्याच्या नादात छोट्या प्रतिमांच्या व रूपांतरित व्हिडिओंच्या फोल्डरांबरोबर तोही वगळला होता. प्रतीची प्रत कशाला, असा माझा शहाणपणा. पहिले दोन फोल्डर पुन्हा तयार होतात, हा होत नाही. सात महिने रोज सकाळी ‘यशस्वी’ असा निरोप मला येत होता आणि तो खोटाही नव्हता. घरचा सर्व्हर बांधणाऱ्यांनी पहिला खर्च कशावर करावा असे कोणी विचारले तर मी यंत्रावर नव्हे, या तालमीच्या एका रविवारावर असे सांगेन.

खर्चाचा हिशोब सरळ आहे. पेटी १४,५००, जादा रॅम २,०००, मोठी डिस्क ११,५००, अडॅप्टर १,४०० आणि विट्याची डिस्क ५,८०० मिळून ३५,२०० रुपये झाले. मी गुगलकडून २ टीबीची जागा घेण्याचा विचार करीत होते तेव्हा माझ्या खात्यावर वर्षाला ६,५०० रुपये दाखवले जात होते. म्हणजे वीज आणि माझे रविवार न धरताही साडेपाच वर्षांनंतर कोठे बरोबरी होते, आणि तोवर एखादी डिस्क जाणारच. पैसे वाचवण्यासाठी हे करू नये. ज्यांना आठवड्याला तासभर देता येणार नाही, त्यांनी एन्टेसारख्या कूटबद्ध सेवेला वर्गणी भरावी आणि व्हॉट्सअॅपचे ते सेटिंग आजच लावावे. त्यांचा खासगीपणा माझ्याहून फार कमी राहणार नाही. ज्यांना हा खटाटोप आवडतो त्यांच्यासाठी पेटीला पाचपैकी चार, इमिचला साडेचार, पेपरलेसला साडेतीन आणि त्या अडॅप्टरला शून्य.

तालमीचा दुसरा भाग ऑगस्टमध्ये झाला. मी नसताना हे कोणाला जमेल का, हे पाहण्यासाठी रेस्टिकचा पासवर्ड आणि सर्व पायऱ्या एका कागदावर लिहून, तो प्लॅस्टिकमध्ये बंद करून विट्याच्या कपाटात ठेवला होता. यजमानांनी तो कागद आणि लॅपटॉप घेऊन भावाच्या ओसरीवर बैठक मारली, आणि मी शेजारी बसून एक शब्दही बोलायचा नाही असे ठरले. पन्नास मिनिटांत फोटो, अल्बम आणि नावे सगळे परत आले. त्यातली वीस मिनिटे पासवर्डमधील एक अक्षर शून्य आहे की इंग्रजी ओ, यात गेली, कारण माझ्या अक्षरात दोन्ही सारखेच दिसतात. कागद आता छापून ठेवला आहे.